गोठवलेल्या कोळंबीवरचे पांढरे ठिपके आणि इकाइट नावाचं खनिज

खाडीकाठची, कळवा

नमस्कार मंडळी. विज्ञान विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडा लांबला आहे, पण विषय महिनाभर डोक्यातून जात नाहीये.

मी तळोज्याच्या एका कोळंबी युनिटमध्ये क्यूसीला, म्हणजे मालाचा दर्जा तपासायला आहे. गेल्या महिन्यात कवचासकट गोठवलेला एक लॉट तपासताना कवचावर पांढरे ठिपके दिसले. मोहरीच्या दाण्याहून लहान, कुठे एकेकटे, कुठे तीन-चार जवळजवळ. आमच्या कामात पांढरा ठिपका म्हटलं की दोनच गोष्टी मनात येतात. एक व्हाइट स्पॉट, म्हणजे कोळंबीला होणारा विषाणूचा रोग. दुसरी फ्रीझर बर्न. रोगाचे ठिपके कवचाच्या आतच मुरलेले असतात. कवच सोलून उजेडात धरलं की दिसतात आणि खरवडून जात नाहीत. फ्रीझर बर्नमध्ये मांस सुकून पांढरं पडतं, त्याला दाणा नसतो. हे ठिपके दोन्हींसारखे नव्हते. चिमट्याच्या टोकाने खरवडले तर पिठीसाखरेसारखे करकरले आणि निघून आले.

मग सोबतच्या मुलीने विचारलं, "ताई, बर्फच नसेल कशावरून?" प्रश्न बरोबर होता. म्हणून रात्रभर काचपट्टी आणि चिमटा दोन्ही फ्रीझरमध्ये ठेवले आणि दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोप कोल्ड रूमच्या बाहेरच्या खोलीत नेऊन मांडला. ठिपक्यातले कण पट्टीवर घेतले तेव्हा ते काचेसारखे स्वच्छ होते, कडा सरळ होत्या. मी डोळा लावून बसले. दोन-तीन मिनिटांत एका कणाची कड धुरकट झाली. मग धुरकटपणा आत सरकला, कणाभोवती पाण्याची बारीक रेघ आली, आणि थोड्या वेळाने पाण्यात पांढरं पीठ उरलं. बर्फ असता तर पाणी झालं असतं, पीठ उरलं नसतं. मीठ असतं तर त्याच पाण्यात विरघळलं असतं. त्या पिठावर लिंबाचा थेंब टाकला तर बुडबुडे आले.

कार्बोनेट आहे आणि त्याच्या आत पाणी आहे, एवढं समजल्यावर शोधाशोध केली. १९९९ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी गोठवून साठवलेल्या उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या कोळंबीच्या कवचावर नेमके असेच पांढरे ठिपके तपासले होते आणि ते इकाइट निघालं होतं. इकाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच, फक्त एकेका कार्बोनेटमागे पाण्याचे सहा रेणू स्फटिकात बांधलेले. हिशोब करून पाहिला तर वजनाने जवळजवळ ५२ टक्के पाणी! अर्ध्याहून जास्त पाणी असलेला दगड. थंडी आहे तोवर तो स्फटिक. ऊब लागली की पाणी सुटतं आणि मागे कॅल्साइटची भुकटी.

आता माझे प्रश्न. हे खनिज निसर्गात सापडतं कुठे? आपल्याकडे सापडू शकतं का? आणि माझ्याकडे होतं ते खरंच इकाइट, हे पक्कं कसं करायचं? लॉट रोगाच्या संशयावरून अडकून पडलाय, म्हणून कामापुरतंही हवंय. पण खरं सांगते, काम बाजूला ठेवलं तरी मला हे जाणून घ्यायचंच आहे.

---

पारसिकचा_दगड

ताई, धागा वाचून उडालोच. ज्या खनिजासाठी लोक ग्रीनलंडला जाऊन बर्फाळ पाण्यात बुड्या मारतात, ते तळोज्याच्या फ्रीझरमध्ये असू शकतं हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

नाव पडलं ते नैर्ऋत्य ग्रीनलंडमधल्या इक्का नावाच्या फ्योर्डवरून, म्हणजे डोंगरांमध्ये शिरलेल्या अरुंद खाडीवरून. डॅनिश खनिजशास्त्रज्ञ हान्स पाउली यांनी १९६३ मध्ये तिथल्या खनिजाचं वर्णन केलं. गंमत अशी की प्रयोगशाळेत हा पदार्थ १८६५ मध्येच पेलूझ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने बनवला होता. म्हणजे माणसाने आधी भांड्यात बनवला आणि जवळपास शंभर वर्षांनी तो समुद्राच्या तळाशी दिसला.

इक्कात पाण्याखाली या खनिजाचे खांब उभे आहेत. एक-दोन नव्हेत, शेकडो, आणि काही १८ मीटरपर्यंत उंच. आपल्याकडच्या पाच-सहा मजली इमारतीएवढे. तळाशी असलेल्या अल्कधर्मी खडकांतून झरे फुटतात. त्या पाण्यात कार्बोनेट भरपूर, सामू (pH) दहाच्या आसपास. वर समुद्राचं पाणी, त्यात कॅल्शियम भरपूर. दोन्ही पाणी जिथे भेटतं तिथे खनिज बसत जातं आणि झरा त्याच्या पोटातून वाट काढत वर चढतो, तसा खांबही चढतो. पाणी तीन-चार अंशांचं. तिथल्या लोकांमध्ये आख्यायिका आहे की फ्योर्डवरचा बर्फ फुटून बुडालेले नॉर्स लोकच हे खांब झाले.

आता प्रश्न असा, की समुद्राच्या थंड पाण्यात साधं कॅल्साइट का बसत नाही? त्याचं उत्तर बऱ्याच अंशी फॉस्फेट. पाण्यात फॉस्फेट असलं की कॅल्साइटच्या स्फटिकाला वाढताच येत नाही, फॉस्फेट त्याच्या पृष्ठभागाला चिकटून बसतं. इकाइटला तेवढा अडथळा होत नाही. म्हणून जिथे थंडी, अल्कता आणि फॉस्फेट एकत्र येतात तिथे हे पाहुणं येतं. १९८२ मध्ये अंटार्क्टिकाजवळच्या ब्रान्सफील्ड सामुद्रधुनीत, सेंद्रिय गाळाच्या आत, याचे स्फटिक सापडले. कुजणारा गाळ कार्बोनेट आणि फॉस्फेट दोन्ही पुरवतो. पुढे २००८ मध्ये अंटार्क्टिकाच्या समुद्री बर्फातही बारीक इकाइट असल्याचं दाखवलं गेलं. समुद्राचं पाणी गोठताना मीठ बर्फात शिरत नाही, ते उरलेल्या पाण्याच्या कप्प्यांत दाटत जातं आणि त्या खारट कप्प्यांत इकाइट बसतं.

मला वाटतं, तुमच्या कोळंबीत हेच घडत असणार. कोळंबी गोठताना तिच्यातलं पाणीही असंच कप्प्याकप्प्यांत दाटतं. कवचातून कॅल्शियम आणि कार्बोनेट मिळतंच. तुमच्याकडे फॉस्फेटचं पाणी वापरतात का?

---

खाडीकाठची

हो! सोडियम ट्रायपॉलीफॉस्फेट. मांसातलं पाणी धरून राहावं म्हणून बऱ्याच ठिकाणी त्यात बुडवतात. या लॉटलाही दिलं होतं. तुमचा प्रतिसाद वाचून मी लॉटचा कागद पुन्हा काढून पाहिला.

---

साधा_प्रश्न

माझा एकच प्रश्न, खाल्लं तर काय होतं? आमच्याकडे वाशीच्या बाजारातून गोठवलेली कोळंबी नेहमी येते.

---

खाडीकाठची

काही होत नाही. इकाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट आणि पाणी, आणि कोळंबी पाण्यात टाकल्यावर इकाइट म्हणून ते उरतही नाही. व्हाइट स्पॉटचा विषाणूही माणसाला लागत नाही, तो कवचधारी प्राण्यांचा आहे. बाजारातल्या कोळंबीचा वास आणि मांसाचा घट्टपणा बघा, ठिपक्यांनी घाबरू नका.

---

साधा_प्रश्न

धन्यवाद ताई. आणि आपल्या डोंगरात? पारसिकच्या जुन्या खदानींमध्ये पांढरे चमकते स्फटिक मिळायचे असं वडील सांगतात.

---

पारसिकचा_दगड

वडिलांनी पाहिलेले ते बहुतेक कॅल्साइट किंवा झिओलाइट. ठाण्या-नवी मुंबईचा दगड म्हणजे दख्खनचा बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि नंतर कोमट-गरम पाणी झिरपून त्यांत स्टिल्बाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट असे स्फटिक बसले. इकाइटला नेमकी उलटी परिस्थिती लागते. आपल्या बेसाल्टच्या पोकळीत ते मिळणार नाही.

पण त्याची जागा घेणारी एक वस्तू माझ्याकडे आहे आणि तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझा एक शाळासोबती मर्चंट नेव्हीत आहे. उत्तर रशियाच्या बंदरात गेला होता तेव्हा तिथून एक दगड घेऊन आला. श्वेत समुद्राच्या किनाऱ्यावर ओहोटीला चिखलात मिळतो, तिथले लोक त्याला शिंगाचा दगड अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. तळहातात मावेल एवढा, तपकिरी, आणि चारी बाजूंनी टोकदार काटे. करवंदाच्या जाळीचा तुकडा दगड होऊन हातात आला असं वाटतं. काट्यांच्या कडा अजून बोटाला जाणवतात, पण बाह्यरूप स्फटिकाचं असूनही आत एकसंध स्फटिक नाही. एक काटा आधीच तुटलेला होता. भिंगाखाली त्याचा छेद बारीक मधाच्या पोळ्यासारखा दिसतो, मधाच्या रंगाचे गोल दाणे आणि त्यांच्यामध्ये फिकट भर.

हा ग्लेंडोनाइट. म्हणजे चिखलात वाढलेलं इकाइट, ऊब आल्यावर मरून गेलेलं. पाणी निघून गेलं की मूळ घनफळाच्या साधारण एक तृतीयांश एवढंच कॅल्साइट उरतं. इकाइटची घनता १.८ च्या आसपास आणि कॅल्साइटची २.७१, हिशोब करून बघा. पण भोवतालचा चिखल तोवर घट्ट झालेला असतो, तो साचा धरून ठेवतो. मग पुढे झिरपणाऱ्या पाण्यातून आणखी कॅल्साइट येऊन मधल्या जागा भरत जातात. आकार इकाइटचा आणि अंग कॅल्साइटचं.

ही वस्तू जगात अनेक ठिकाणी लोकांना मिळाली आणि प्रत्येकाने आपापलं नाव ठेवलं. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या ग्लेंडनवरून ग्लेंडोनाइट. तिथले पर्मियन काळातले, म्हणजे २५ कोटी वर्षांहून जुने. अमेरिकन भूवैज्ञानिक जेम्स डाना यांनी त्यांचं वर्णन १८४९ मध्ये केलं होतं. इंग्लंडमध्ये जॅरो गावावरून जॅरोआइट. जर्मनीत जवाचे दाणे. जपानमध्ये हातोडीचा दगड. हे सगळं इकाइट माहीत होण्याच्या कितीतरी आधीचं. इतकी वर्षं लोक एका निघून गेलेल्या स्फटिकाच्या सावलीला नावं देत होते, तो स्फटिक कोणता हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी गच्चीवर हा दगड हातात घेऊन बसतो तेव्हा समोर ठाण्याची खाडी, अंगाला घाम, आणि हातात कुठल्यातरी गोठणाऱ्या चिखलाचा आकार. मला फार जपावीशी वाटते ती वस्तू.

---

रसायनी

पारसिकदादा, सुंदर लिहिलंय. एक भर घालतो, कारण ग्लेंडोनाइट सापडला म्हणजे तिथे तेव्हा कडाक्याची थंडी होती, असं सरळ लिहिलं जातं आणि ते तितकं सरळ नाही.

डेन्मार्कमधल्या फुर बेटावर साडेपाच कोटी वर्षांच्या आसपासचे ग्लेंडोनाइट आहेत, काही तर मीटरभराहून मोठे. तो काळ पृथ्वीवर फार उष्ण होता. मग तिथे इकाइट कसं? २०२० मध्ये एका अभ्यासात त्याच दगडांच्या कार्बोनेटमधले समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजून तिथलं तळाचं पाणी खरोखरच अधूनमधून थंड होत होतं असं मांडलं गेलं. पण त्याच वर्षी स्टॉकहोम विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगशाळेत समुद्राचं पाणी आणि सोडियम कार्बोनेटचं द्रावण मिसळून ३५ अंशांपर्यंत इकाइटचे स्फटिक जन्मताना पाहिले. म्हणजे जन्मायला थंडी लागतेच असं नाही. टिकायला लागते. त्यामुळे ग्लेंडोनाइटकडून नुसता तापमानाचा आकडा काढून घेता येत नाही, पाण्याची रसायनंही विचारावी लागतात.

खाडीकाठची ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर दोन रविवार घरी खटपट केली. केलं ते असं.

अर्धा लिटर पाण्यात पाच-सहा ग्रॅम निर्जल धुण्याचा सोडा. दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये तेवढंच कॅल्शियम क्लोराइड आणि चिमूटभर सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना पाणी चांगलंच तापतं, म्हणून ते आधी करून थंड होऊ दिलं. हातमोजे घालावेत. दोन्ही बाटल्या बर्फाच्या बादलीत ठेवून पाणी शून्याजवळ आल्यावर एकमेकांत ओतलं. लगेच दुधासारखं झालं. ती बाटली बर्फातच रात्रभर ठेवली. सकाळी तळाशी पांढरा थर होता. कॉफीच्या गाळणकागदातून फ्रीजमध्येच गाळला आणि थंड टिपकागदात दाबून कोरडा केला.

पहिल्या रविवारी तो चमच्यात घेऊन बाहेर ठेवला आणि पाच मिनिटांत ओला झाला. मला आनंद झाला, पण बायको म्हणाली, "फ्रीजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटलीलाही घाम येतो की." ठाण्याच्या हवेत हा मुद्दा अगदी खरा. म्हणून दुसऱ्या रविवारी दोन छोट्या काचेच्या बाटल्या घेतल्या, घट्ट बुचाच्या. एकीत माझी भुकटी. दुसरीत केमिकलच्या दुकानातलं साधं कॅल्शियम कार्बोनेट, तसंच पाण्यात भिजवून, तसंच गाळून, तसंच दाबून. दोन्ही फ्रीजमध्येच भरल्या, बुचं लावली, पातळीवर पेनाने खूण केली आणि मग ओट्यावर ठेवल्या. घरात ३१ अंश.

दुकानातली भुकटी तासाभराने होती तशीच. माझी वीस मिनिटांत कडेने पारदर्शक दिसायला लागली, मग मध्ये खचली. तासाभराने खुणेच्या बरीच खाली पातळ दह्यासारखा गोळा आणि त्यावर स्वच्छ पाणी. बुच लावलेलं होतं, बाहेरून पाणी यायला वाटच नव्हती. ते भुकटीच्या आतलंच होतं.

हा पुरावा आहे, पण पक्का नाही. कॅल्शियम कार्बोनेटचं एक अस्फटिक रूप असतं, त्यातही पाणी असतं, तेही असं वागू शकेल. तुम्ही सूक्ष्मदर्शकात सरळ कडा पाहिल्यात, ती बाजू माझ्यापेक्षा मजबूत आहे. पक्कं करायचं तर एक्स-रे डिफ्रॅक्शन, म्हणजे नमुन्यावर क्ष-किरण पाडून स्फटिक ओळखायची चाचणी, आणि तेही नमुना थंड ठेवून.

---

चेंदणीची

मी कोळीवाड्यातली. शास्त्र मला फारसं कळत नाही, पण धागा पूर्ण वाचला. एक सांगते, कोळंबी कात टाकते तेव्हा तिचं कवच मऊ कागदासारखं असतं, मग दिवसादिवसाने कडक होतं. आमच्या सासूबाई हाताने चाचपून सांगायच्या की हिने नुकतीच कात टाकली आहे, ही जुन्या कवचाची आहे. ताई, तुमचे ठिपके कडक कवचावर जास्त आहेत का मऊवर, ते बघितलंत का? चुना तर कडक कवचातच जास्त असणार ना?

---

खाडीकाठची

चेंदणीची ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज चाळीस नग वेगळे काढून बघितले. ठिपके असलेले सगळे कडक कवचाचे आहेत. मऊ कवचाचे त्यात चारच होते, म्हणून यावरून निष्कर्ष काढत नाही, पण वहीत लिहून ठेवलंय.

---

पारसिकचा_दगड

ताई, डिफ्रॅक्शनचं काही झालं का?

---

खाडीकाठची

झालं. सविस्तर लिहिते.

ओळखीतून एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मशीन मिळालं. ठिपके असलेली कवचं छोट्या बरण्यांत घालून, बर्फ आणि खडेमीठ भरलेल्या मोठ्या थर्मासमध्ये ठेवली. बर्फात मीठ असलं की तापमान शून्याच्या बरंच खाली राहतं, हे आमच्याकडे कोळंबी उतरवताना रोज बघते. पोहोचल्यावर थर्मामीटर लावला तर उणे अकरा. तिथपर्यंत सगळं चांगलं होतं.

गडबड मशीनपाशी झाली. खोली एसीने गार, पण नमुना ठेवायची पट्टी खोलीच्याच तापमानाची, ती थंड करायची सोय नव्हती. आणि नमुना बारीक करून सपाट पसरावा लागतो. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी थंड खलात भराभर केलं, तरी मोजणी पूर्ण व्हायला जवळपास अर्धा तास लागला. आलेख आला तो कॅल्साइटचा. स्वच्छ, टोकदार शिखरं.

पण कोळंबीच्या कवचात कॅल्साइट मुळातच असतं. त्यामुळे ते कॅल्साइट कवचाचं, की इकाइट मोडून झालेलं, हे त्या आलेखावरून सांगता येत नाही. मॅडमही तसंच म्हणाल्या. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण मॅडमनी एक गोष्ट सुचवली जी मला पटली: पुढच्या वेळी कवच नकोच. चिमट्याने फक्त ठिपके खरवडून, कोल्ड रूममध्येच बारीक करून, बंद कुपीत आणायचे. आणि पट्टीखाली ठेवायला तांब्याचा जाड ठोकळा आधी फ्रीझरमध्ये गार करून न्यायचा. पूर्ण आलेख न काढता, इकाइटची शिखरं जिथे यायला हवीत तेवढाच भाग पाच मिनिटांत मोजायचा.

लॉटचं सांगायचं तर विषाणूची चाचणी वेगळी करून घेतली होती, ती निगेटिव्ह आली आणि माल सुटला. पण माझ्याकडे त्यातले दोन किलो बाजूला ठेवलेले आहेत.

---

रसायनी

तांब्याचा ठोकळा माझ्याकडे आहे, जुन्या हीटसिंकचा, कामाला येईल. ऐरोलीला येऊन घेऊन जा किंवा मी कळव्याला आणून देतो. आणि सोबत माझ्या भुकटीची एक कुपी न्या. तिच्यात कवच नाही, त्यामुळे तुलनेला बरी पडेल.

---

चेंदणीची

ताई, पहाटेची ताजी कोळंबी मी देते, फॉस्फेटचं पाणी न लागलेली. अर्धी तुम्ही तशीच गोठवा, अर्धी त्या पाण्यात बुडवून गोठवा. दोन पिशव्यांवर नावं घाला. कडक कवचाची मी निवडून ठेवते. सोमवारी सकाळी सहाच्या आत आलात तर माल चांगला मिळेल.

---

खाडीकाठची

सोमवारी साडेपाचला येते. बर्फ मी घेऊन येईन.